शेवटचे दिवस, ६६६ आणि सात मंडळ्यांना आलेले एक पत्र

सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रवचनकाराने ऑनलाइन मुलाखतीत सांगितले, की येशूने आपल्याला दर्शन देऊन थेट तारीख सांगितली आहे: २३ आणि २४ सप्टेंबर. त्या दोन दिवसांत येशू येणार आणि आपल्या माणसांना उचलून नेणार. ती मुलाखत टिकटॉकवर जगभर फिरली. कोणी नोकरी सोडल्याचे सांगू लागले, कोणी गाडी विकून टाकल्याचे. २५ तारीख नेहमीसारखीच उजाडली.

असे काही पहिल्यांदा घडले नाही. मध्यपूर्वेत युद्ध पेटले, मोठा भूकंप झाला, साथ आली, खग्रास ग्रहण लागले, की फोनवर संदेश यायला लागतात: ‘बायबलमध्ये हे सगळे आधीच लिहिलेले आहे.’ सोबत चार-दोन वचनांचे आकडे असतात. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसालासुद्धा ती वचने उघडून पाहिली की डोके गरगरते. सात डोक्यांचे श्वापद, दहा शिंगे, सूर्य पांघरलेली स्त्री, माणसाच्या तोंडाचे टोळ. बाकीच्यांची तर बातच सोडा.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्ही सावध राहाल. हा मजकूर कोणाला तरी लिहिलेला होता. ती माणसे ठरावीक गावांत राहत होती, त्यांना तो समजावा अशी लिहिणाऱ्याची अपेक्षा होती. आधी ते काय समजले असतील ते पाहावे, मग आपल्या काळाकडे वळावे. तारखा काढणारे जवळजवळ सगळेच ही पहिली पायरी गाळतात.

## हे सगळे एका जागी लिहिलेले नाही

‘बायबलमधला अंतकाळ’ म्हटले की एखादे सलग प्रकरण असेल असे वाटते. तसे नाही. जुन्या करारातले दानीएलाचे पुस्तक आहे. मार्क, मत्तय आणि लूक या शुभवर्तमानांत येशूचे एक-एक प्रवचन आहे. पौल या प्रेषिताने थेस्सलनीका गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेली पत्रे आहेत, योहानाच्या नावावरची पत्रे आहेत, आणि शेवटी प्रकटीकरण, बायबलचे अखेरचे पुस्तक. यांच्यामध्ये काळाचे, भाषेचे आणि परिस्थितीचे मोठे अंतर आहे.

आता गंमत बघा. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो फक्त योहानाच्या पहिल्या दोन पत्रांत आहे, आणि तिथे ‘पुष्कळ ख्रिस्तविरोधक आलेच आहेत’ असे अनेकवचनात म्हटले आहे. हर्मगिदोन हे शेवटच्या लढाईच्या जागेचे नाव अख्ख्या बायबलात एकदाच येते. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायाबाहेर कुठे नाही. मेघांमध्ये उचलले जाण्याची गोष्ट पौलाच्या एका वाक्यात आहे. सात वर्षांच्या महासंकटाचा कालावधी दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या एका ‘सप्तका’वरून, म्हणजे सातांच्या एका गटावरून, काढलेला आहे.

पाच वेगवेगळ्या माणसांची पाच पत्रे घ्यावीत, कात्रीने वाक्ये कापावीत आणि एका कागदावर चिकटवून नवे पत्र तयार करावे, तसा हा प्रकार. प्रत्येक वाक्य खरे असते, पण तयार झालेले पत्र कोणीच लिहिलेले नसते. भिंतीवर लावायचे रंगीत ‘अंतकाळाचे तक्ते’ बहुतेक या जातीचे असतात.

## श्वापदे कुठून आली?

समजा, आणखी पाचशे वर्षांनी कोणाला आजच्या वर्तमानपत्रातले एक व्यंगचित्र सापडले. त्यात एक अस्वल आणि एक गरुड बुद्धिबळ खेळत आहेत. त्या माणसाने लिहिले, की एकविसाव्या शतकात प्राणी बुद्धिबळ खेळत असत. आपण हसू, कारण अस्वल म्हणजे रशिया आणि गरुड म्हणजे अमेरिका हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही.

दानीएल आणि प्रकटीकरण ही त्या काळातल्या अशाच ओळखीच्या प्रकारातली पुस्तके आहेत. अभ्यासक या प्रकाराला प्रकटनसाहित्य म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पडदा बाजूला सारणे असा आहे, जगबुडीशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. या साहित्यात राज्ये म्हणजे हिंस्र पशू, शिंगे म्हणजे राजे, समुद्र म्हणजे गोंधळ. दानीएलाच्या सातव्या अध्यायात समुद्रातून चार श्वापदे येतात आणि ती चार राज्ये आहेत असे पुढे तिथेच सांगितले आहे. बहुतेक आधुनिक अभ्यासकांच्या मते हे पुस्तक आजच्या रूपात इसवी सनापूर्वी १६७ ते १६४ च्या सुमारास आले. तेव्हा चौथा अँटिओकस हा राजा यरुशलेममध्ये ज्यूंचा छळ करत होता. परंपरेने वाचणारे ते सहाव्या शतकातले मानतात. तो वाद बाजूला ठेवला तरी पुस्तकाचा रोख स्पष्ट आहे: छळणारी सत्ता पशू आहे, आणि पशूचे दिवस मोजलेले आहेत.

आकड्यांचेही तसेच. सात म्हणजे पूर्ण. बारा म्हणजे देवाची प्रजा, कारण इस्राएलाचे वंश बारा. प्रकटीकरणातले १,४४,००० म्हणजे बारा गुणिले बारा गुणिले हजार. ‘साडेतीन वर्षे’, ‘बेचाळीस महिने’, ‘१,२६० दिवस’ हे तिन्ही एकच माप, सातच्या निम्मे. म्हणजे संकट आहे, पण ते अर्ध्यावरच तुटणार आहे.

## पत्त्यावर काय लिहिले आहे?

प्रकटीकरणाला पत्ता आहे, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पात्म बेटावरून योहान नावाचा माणूस आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहितो आहे: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. नकाशावर ही गावे याच क्रमाने जोडली तर निरोप्या ज्या वाटेने फिरला असता ती वाट तयार होते. हा योहान म्हणजे येशूचा शिष्य की दुसरा कोणी, यावर तिसऱ्या शतकापासून वाद आहे. अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याने तेव्हाच दाखवून दिले होते, की योहानाच्या शुभवर्तमानाची ग्रीक भाषा आणि या पुस्तकाची ग्रीक भाषा जुळत नाही. लेखनाचा काळ बहुतेक जण सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, इसवी सन ९५ च्या आसपास, धरतात. काही जण नीरोच्या मृत्यूनंतरचा, ६८-६९ चा काळ सुचवतात.

लावदिकीयाला लिहिलेले चार शब्द जवळून पाहू. ‘तू थंड नाहीस, ऊन नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार.’ प्रवचनात याचा अर्थ हमखास असा सांगतात, की ऊन म्हणजे भक्तीत तापलेला, थंड म्हणजे नास्तिक. मग देवाला नास्तिक चालतो, हे जरा विचित्रच होते. पण लावदिकीयाची जागा पाहिली की गाठ सुटते. जवळच्या हिएरापोलिसला गरम पाण्याचे झरे होते, लोक तिथे अंग शेकायला जात. दुसऱ्या बाजूच्या कलस्सैला थंडगार पाणी होते. लावदिकीयात मात्र पाणी दगडी नळांतून लांबून यायचे आणि त्या नळांच्या आत चुन्याचे जाड थर साचलेले आजही दिसतात. ऊन पाणी कामाचे, गार पाणी कामाचे, हे कोमट चुनखडी पाणी कशाच्याच कामाचे नाही. हा अर्थ अनेक अभ्यासकांना पटतो, आणि तिथल्या माणसाला तो एका घोटात कळला असता.

तेच पत्र पुढे म्हणते, ‘तू म्हणतोस, मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही.’ इसवी सन ६० मध्ये भूकंपाने हे शहर पडले होते. रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो, की रोमची मदत न घेता ते आपल्या पैशावर पुन्हा उभे राहिले. टोमणा नेमका कुठे बसला असेल, याची कल्पना करा.

आणखी एक ओळ. सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार येतो, त्याच्या हातात तराजू आहे, आणि एक आवाज भाव सांगतो: एका दिनाराला शेरभर गहू, एका दिनाराला तीन शेर सातू, तेल आणि द्राक्षारस यांना मात्र हात लावू नको. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. तेवढा गहू म्हणजे एका माणसाचे दिवसाचे पोट. म्हणजे दिवसभर राबून एकाच्याच पोटापुरते, बायकोमुलांनी सातू खायचा. हा दुष्काळ आकाशातून पडलेला गूढ दुष्काळ वाटत नाही. तो बाजारात उभा राहिलेल्या माणसाचा दुष्काळ आहे.

## ६६६ चा हिशेब

आता ज्याची सगळे वाट पाहत होते ते. तेराव्या अध्यायाच्या शेवटी योहान म्हणतो, ‘ज्याला बुद्धी आहे त्याने श्वापदाच्या संख्येचा हिशेब करावा, ती एका माणसाची संख्या आहे.’ ती संख्या ६६६. म्हणजे वाचणाऱ्याला हिशेब जमेल, हे त्याने गृहीत धरले आहे.

ग्रीक आणि हिब्रू भाषांत अक्षरेच आकडे म्हणून वापरत. त्यामुळे कोणत्याही नावाची बेरीज निघायची आणि लोक तो खेळ खेळत. पाँपेईच्या भिंतीवर कोणा प्रेमवीराने खरडून ठेवले आहे: ‘जिची संख्या ५४५ आहे तिच्यावर माझे प्रेम आहे.’ तिला आणि तिच्या मैत्रिणींना कळले असेल. आपल्याला आज कितीही बेरजा केल्या तरी ती कोण हे कळणार नाही. संख्येवरून नाव काढता येत नाही, नाव ठाऊक असेल तर संख्या तपासता येते.

‘नेरोन केसर’, म्हणजे सम्राट नीरो, हे हिब्रू अक्षरांत लिहा. नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. नावाचे हेच अक्षररूप मृत समुद्राजवळच्या मुरब्बात इथे सापडलेल्या नीरोच्या काळातल्या एका दस्तात आहे, त्यामुळे ओढूनताणून लिहिले असेही म्हणता येत नाही. शिवाय प्रकटीकरणाच्या काही प्राचीन प्रतींत ६६६ च्या जागी ६१६ आहे. लॅटिन वळणाने ‘नेरोन’चे ‘नेरो’ केले, तर शेवटचा नून जातो, पन्नास कमी होतात आणि ६१६ उरतात. दोन्ही आकडे एकाच नावातून निघतात, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम पुरावा.

नीरोने ६८ साली आत्महत्या केली. पण तो मेलाच नाही, पूर्वेकडून परत येणार, अशी अफवा कित्येक वर्षे टिकली आणि तोतये नीरोही उभे राहिले. श्वापदाच्या एका डोक्याला प्राणघातक जखम झाली होती, ती बरी झाली, हे वाक्य या अफवेच्या शेजारी ठेवून वाचा.

याला एक रास्त हरकत आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आयरेनियस या बिशपने या संख्येवर लिहिले. त्याला ६१६ हा पाठही माहीत होता, तो त्याने चूक ठरवला. त्याने तीन नावे सुचवली, त्यांत नीरो नाही. आणि वर सल्ला दिला, की कोणत्याही नावाची खात्री धरू नका. म्हणजे शंभर वर्षांत किल्ली हरवली होती. आज जे ६६६ वरून नेत्यांची नावे काढतात, त्यांना हा सल्ला ऐकवायला हवा.

## मग बारकोड, लस, चिप?

श्वापदाची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर असेल आणि तिच्याशिवाय खरेदी-विक्री करता येणार नाही, असे तिथेच लिहिले आहे. त्यावरून बारकोड आला तेव्हा बारकोडची भीती घातली गेली, मग क्रेडिट कार्डाची, मग चिपची, करोनाच्या काळात लसीची.

पण पुढच्याच अध्यायाचे पहिले वाक्य वाचा. कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, उभ्या असलेल्या १,४४,००० जणांच्या कपाळावर त्याचे आणि त्याच्या पित्याचे नाव लिहिलेले आहे. या कपाळावर कोणी बारकोड शोधत नाही. एका कपाळावरची खूण निष्ठेची आणि दुसऱ्या कपाळावरची यंत्राची, असे कसे चालेल? ‘हाताला आणि कपाळावर’ ही जोडीही जुनी आहे. देवाची आज्ञा हाताला बांध, कपाळावर धर, असे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मोशे सांगतो. म्हणजे करणे आणि विचार करणे, दोन्ही कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आहे.

आणि खरेदी-विक्री? त्या शहरांत सम्राटाची देवळे होती. कारागिरांचे संघ होते, त्यांच्या मेजवान्या देवतांपुढे व्हायच्या. नाण्यावर सम्राटाचा मुखवटा होता. थुवतीरातल्या रंगाऱ्याने संघाच्या पंगतीला बसायला नकार दिला, तर त्याच्या धंद्याचे काय होणार हे त्याला कोणी समजावायची गरज नव्हती.

## चार चष्मे

दोन हजार वर्षांत प्रकटीकरण वाचायच्या साधारण चार तऱ्हा रूढ झाल्या. पहिली म्हणते, हे बहुतेक सगळे पहिल्या शतकात घडून गेले. दुसरी म्हणते, यात येशूपासून जगाच्या अंतापर्यंतचा सगळा इतिहास क्रमाने आहे. तिसरी म्हणते, चौथ्या अध्यायापासून पुढचे सारे अजून घडायचे आहे. चौथीच्या मते हे कोणत्याही एका काळाचे चित्र नाही, चांगल्या-वाईटाचा कायमचा झगडा आहे.

पहिलीला आणि चौथीला एकत्र वापरणारे अभ्यासक पुष्कळ आहेत, मीही त्याच बाजूला झुकतो. पण बातम्यांत येतात त्या दुसरी आणि तिसरी.

दुसरीचे ठळक उदाहरण अमेरिकेतला विल्यम मिलर हा शेतकरी. दानीएलाच्या आठव्या अध्यायात २,३०० दिवसांचा उल्लेख आहे. मिलरने दिवस म्हणजे वर्ष धरले, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजायला सुरुवात केली आणि १८४३ वर आला. पुढे लक्षात आले, की इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. हिशेब एका वर्षाने सरकला आणि अखेर त्याच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक वाट पाहत बसले. तो दिवस इतिहासात ‘महानिराशा’ म्हणून ओळखला जातो. बेरीज अचूक होती. कोणत्या आकड्यापासून बेरीज सुरू करायची आणि दिवसाचे वर्ष का करायचे, ते मात्र मिलरने ठरवले होते.

तिसरीची गंमत वेगळी. दहा शिंगे म्हणजे युरोपातल्या दहा देशांचा संघ, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठामपणे सांगितले जायचे. १ जानेवारी १९८१ ला ग्रीस हा युरोपीय समुदायाचा दहावा सभासद झाला. झाले, भविष्य खरे ठरले! १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले आणि शिंगे बारा झाली. पुढे संख्या वाढतच गेली, शिंगांचा विषय मात्र हळूच मिटला. असेच १९४८ साली इस्राएल देश झाला, त्यात ‘एक पिढी’ म्हणजे चाळीस वर्षे मिळवली, उत्तर १९८८ आले. तेही वर्ष गेले.

## उचलून नेणार की सामोरे जाणार?

सप्टेंबर २०२५ च्या त्या तारखेमागे जी कल्पना होती, तिचे मूळ पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात आहे. हे पत्र इसवी सन ५० च्या आसपासचे, नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लेखनापैकी. तिथल्या माणसांना एक साधे दुःख होते: प्रभू येण्याआधीच आमची काही माणसे मेली, त्यांचे काय? पौल त्यांना धीर देतो. मेलेले आधी उठतील, मग आपण जिवंत असलेले त्यांच्यासह प्रभूला भेटायला मेघांमध्ये घेतले जाऊ.

या ‘भेटायला’ साठी जो ग्रीक शब्द आहे, त्याला मराठीतला ‘सामोरे जाणे’ हा शब्द चपखल बसतो. मोठा माणूस गावाला येत असेल तर लोक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि त्याला घेऊन गावात परत येत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात पौल रोमला येतो तेव्हा तिथले बंधू त्याला भेटायला बाहेर जातात. तिथे हाच शब्द आहे, आणि ते पौलासह रोमलाच परततात. पाहुण्याला सामोरे गेलेला माणूस पाहुण्याच्याच गावी निघून जात नाही.

विश्वासणारे गुपचूप उचलले जातील, मग जगावर सात वर्षांचे महासंकट येईल, आणि नंतर येशू उघडपणे येईल, अशी दोन टप्प्यांची मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने पसरवली. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांसह छापलेल्या बायबलमुळे ती अमेरिकेत घराघरांत गेली. टीपा मजकुराच्याच पानावर होत्या. वाचणाऱ्याला वचन कुठे संपले आणि टीप कुठे सुरू झाली याचे भान राहत नाही, हे कोणीही पाठ्यपुस्तक वापरलेला माणूस सांगेल. डार्बीचे म्हणणे नवे आहे म्हणून चूकच, असे नाही. पण ‘बायबलमध्ये स्पष्ट लिहिले आहे’ असे म्हणणाऱ्याने अठराशे वर्षे ते इतरांना स्पष्ट का दिसले नाही, याचे उत्तर द्यायला हवे.

हजार वर्षांच्या राज्याबद्दलचा वाद थोडक्यात आटोपतो. पाहुणा, म्हणजे ख्रिस्त, आधी येऊन घर आवरणार, की घर आवरून झाल्यावर येणार, की आवरणे म्हणजे सध्या चालू आहे तेच? तिन्ही मतांचे लोक आहेत. पाचव्या शतकात ऑगस्टीन या बिशपने तिसरे मत उचलले आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ते शतकानुशतके टिकले.

## ‘पण चिन्हे तर जुळतात ना?’

युद्धे, भूकंप, दुष्काळ, साथी. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात ही यादी खरेच आहे. पण यादीच्या मधोमध येशू म्हणतो, ‘घाबरू नका, हे होणारच, पण एवढ्यात शेवट नाही.’ म्हणजे जी यादी ‘अजून नाही’ म्हणून दिली आहे, तिचा वापर ‘आता आहे’ म्हणून होतो. आणि युद्ध, भूकंप, दुष्काळ नसलेले शतक मला कोणी दाखवावे.

चेर्नोबिलचे उदाहरण फार दिले जाते. आठव्या अध्यायात ‘कडूदवणा’ नावाचा तारा पाण्यात पडतो, पाणी कडू होते. युक्रेनियन भाषेत चोर्नोबिल हे दवण्याच्या जातीच्याच एका झाडाचे नाव आहे. १९८६ च्या अणुदुर्घटनेनंतर हा योगायोग पाहून अंगावर काटा आला असेल, हे मान्य. पण तो तारा पडल्यावर एक तृतीयांश नद्या कडू होतात. तेवढा भाग सोडून द्यायचा आणि नाव तेवढे घ्यायचे, याला आपण बादरायण संबंध म्हणतो.

## ‘शब्दशः घ्यायला काय हरकत आहे?’

कोणीच सगळे शब्दशः घेत नाही. पाचव्या अध्यायातल्या कोकऱ्याला सात शिंगे आणि सात डोळे आहेत. येशू तसा दिसतो असे मानणारा ख्रिस्ती मला भेटलेला नाही. पुस्तक स्वतःच जागोजागी उलगडा करते: सात समया म्हणजे सात मंडळ्या, पाणी म्हणजे लोकसमुदाय, सात डोकी म्हणजे सात टेकड्या. सात टेकड्यांचे शहर म्हटल्यावर त्या काळात रोमशिवाय कोणाचे नाव डोळ्यांपुढे आले असते?

आणि प्रतीक म्हणून वाचणे म्हणजे ग्रंथाचा मान कमी करणे, असेही समजायचे कारण नाही. या पुस्तकाबद्दलची सावधगिरी चर्चच्या आतलीच आहे. सिरियाक भाषेतल्या जुन्या बायबलात ते आधी नव्हतेच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ते नव्या करारात आहे, पण उपासनेत वाचले जात नाही. चर्चसुधारक लूथरने १५२२ मध्ये त्याबद्दल जवळजवळ नापसंतीच लिहिली, आणि पुढे मत मवाळ केले. दुसरा सुधारक कॅल्व्हिन, त्याने नव्या करारातल्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिले, प्रकटीकरणावर नाही.

## ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’, त्याचे काय?

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. शिष्य मंदिराचे भव्य दगड दाखवतात, येशू म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. पुढे म्हणतो, हे सगळे होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. इसवी सन ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि पाडले. साधारण चाळीस वर्षे, एक पिढी. पहिला चष्मा लावणाऱ्यांचे म्हणणे असे, की बोलणे मंदिराबद्दल होते आणि ते घडले.

पण त्याच प्रवचनात ‘मनुष्याचा पुत्र’, म्हणजे येशू स्वतः, मेघांवर येतो, तारे पडतात. तेही सत्तर सालीच झाले, असे म्हणायला जीभ अडखळते. १९०६ मध्ये धर्मशास्त्राचे अभ्यासक अल्बर्ट श्वाइट्झर यांनी सरळ मांडले, की येशूला शेवट अगदी जवळ आहे असे वाटत होते आणि तो आला नाही. श्रद्धावान वाचकाला हे पचत नाही, पण उशिराची बोच पहिल्या ख्रिस्त्यांनाही होती. पेत्राचे दुसरे पत्र त्यावरच उत्तर देते: प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा. प्रश्न विचारला गेला नसता तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती.

त्याच प्रवचनात येशू हेही म्हणतो, की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. तारीख सांगणारा प्रत्येक जण या वाक्याला वळसा घालून पुढे जातो. ‘दिवस आणि घटका ठाऊक नाही, पण वर्ष आणि महिना काढता येतो’ असा युक्तिवाद मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे.

## चुकीच्या वाचनाची किंमत

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते, पण वाचनाला परिणाम असतात. अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रवचनकाराने २१ मे २०११ ही तारीख दिली, फलकांवर लावली. काही श्रोत्यांनी साठवलेला पैसा त्या प्रचारात घातला. तारीख गेली, त्याने ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. २०१२ मध्ये त्याने आपले चुकले असे कबूल केले. पैसे गेलेल्यांचे काय झाले, याची बातमी फारशी झाली नाही.

१९९३ मध्ये टेक्सासमधल्या वेकोजवळ डेव्हिड कोरेश या पंथप्रमुखाच्या वसाहतीला सरकारी दलांनी ५१ दिवस वेढा घातला. कोरेशच्या मते प्रकटीकरणातल्या गुंडाळीवरचे सात शिक्के उघडायचा अधिकार त्याचाच होता. बाहेरचे अधिकारी त्याचे बोलणे बडबड समजत होते आणि आतल्यांना बाहेरचा वेढा म्हणजे ग्रंथात लिहिलेलाच छळ वाटत होता. १९ एप्रिलच्या आगीत त्या दिवशी ७६ जण गेले, त्यांत लहान मुले होती.

## ‘मग यात भविष्य काहीच नाही का?’

आहे. शेवट आहे, न्याय आहे, मेलेल्यांचे उठणे आहे, आणि हे सारे ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातले आहे. तारीख नाही एवढेच.

ज्यांच्यावर सत्ता बसलेली असते त्यांना हे पुस्तक लवकर कळते. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट चालू असताना ॲलन बुसाक या धर्मोपदेशकाने प्रकटीकरणाचे विवरण लिहिले. त्यांना श्वापद शोधायला दूर जावे लागले नाही. अठराव्या अध्यायात बाबेल, म्हणजे टोपणनावाने रोमच, पडते, तेव्हा तिच्यासाठी रडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी येते: सोने, रुपे, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, रथ, आणि शेवटी गुलाम, माणसांचे जीव. यादीत त्यांची जागा घोड्यांच्याही नंतरची.

पुस्तकाची शेवटची दोन पाने ‘उचलून नेण्या’च्या गदारोळात वाचलीच जात नाहीत. तिथे माणसे वर जात नाहीत. नवे यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते, देव माणसांमध्ये राहायला येतो. त्या शहराला बारा वेशी आहेत आणि तिथे रात्र नसल्यामुळे त्या कधीच बंद होत नाहीत.